अंगठाभर जागा

पन्हाळ्याच्या वाटेवर चढ संपतो तिथं सायकल शर्यतीच्या पंचांनी एक रिकामं पिंप उभं केलं होतं. खालून आलेल्या मुलींनी त्याला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्यानं पुन्हा खाली सुटायचं. पहिल्या दोघींना राज्याच्या स्पर्धेत जागा. चन्नाप्पा पिंपापाशीच उभा होता, पण कोण जिंकतंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. समोर जोतिबाचा डोंगर दिसत होता. सकाळपासून त्याच्याकडं बघून त्यानं एकच मागणं मागितलं होतं. आज पोर पडू नये.

कारण ती पडायचीच. सौंदर्या चणीनं लहान, तिची रेसची सायकलही लहान. सावकाश वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासायचं, चाक अडायचं आणि बाईसाहेब रस्त्यावर. घाटात सुसाट जाणारी पोर गल्लीच्या तोंडाशी धपकन आपटायची. आई, रत्नव्वा, हळदीचा डबा हाताशीच ठेवून असायची. सौंदर्या आपली हसायची. "पडलो तर पडलो, अप्पा. गुडघाच फुटतोय की." पण मागच्या आठवड्यात ती पडली ती एसटीच्या पुढ्यात. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं. तेव्हापासून चन्नाप्पाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

आता शिरोलीत ज्याचं स्वतःचं शेड आहे, जो दिवसभर पाईप वाकवून गेट आणि माल ढकलायच्या ट्रॉल्या करतो, तो माणूस गप्प बसेल होय? चाक पायाला लागतंय ना, मग चाक पुढं सरकवायचं, एवढा साधा हिशेब. काल सौंदर्या क्लासला गेली तशी त्यानं सायकल शेडवर नेली. चाक धरणारा पुढचा चिमटा सोडवला, पाईप वाकवायच्या मशिनवर घेतला आणि अंगठाभर पुढं वाकवला. वर काळा रंग मारला. लेकीला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तिनं हातच लावू दिला नसता. आज सकाळी पिकअपमधून सायकल उतरवून घेताना ती म्हणाली, "अप्पा, हँडल लई हलकं लागतंय." चन्नाप्पा मिशीतल्या मिशीत हसला.

"काय मामा, हळद आणलीया न्हवं?" उन्मेष शेजारी येऊन उभा राहिला. सायकलीचं दुकान त्याचं, आणि या पोरींना शिकवायचाही तोच.

"आज न्हाय पडायची," चन्नाप्पा म्हणाला, आणि काल काय केलं ते ऐटीत सगळं सांगून टाकलं.

उन्मेषचं तोंड उतरलं. "मामा, चाक पायाजवळ ठिवलंय ते उगंच व्हय? गल्लीत पायाला लागतंय, पण उताराला तेच सायकल सरळ धरतंय. तुमच्या ट्रॉलीचं फिरतं चाक आठवा. ज्या खुंट्यावर फिरतंय त्याच्या मागनं वढत येतंय म्हणून सरळ चालतंय. ते पुढं घेतलं तर?"

"फडफडतंय," चन्नाप्पा म्हणाला.

म्हणाला खरा, आणि त्याची नजर उताराकडं गेली. असली चाकं त्यानं जन्मभर बसवली होती. लोड घेऊन जोरात ढकललेली ट्रॉली चाक फडफडून कशी भिंतीवर जाते, हेही त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. सायकलीला तोच न्याय लागू असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. चढाला तिला काहीच कळणार नव्हतं, उलट हलकं वाटणार होतं. कळणार होतं ते खाली, भरधाव वेगात, एका अंगाला दरी असताना.

"थांबवा, तिला थांबवा," म्हणत उन्मेष पंचांकडं पळाला. तेवढ्यात हलगी कडाडली. वळणावर पहिली सायकल दिसली होती. सौंदर्याच होती. तिच्या मागं बराच रस्ता रिकामा होता.

ती पिंपाशी आली, वेग कमी केला आणि वळली. बूट चाकाला लागला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती अशी नीट वळून गेली, आणि तिचं तिलाच इतकं नवल वाटलं की बापाकडं बघून ती भर शर्यतीत हसली. "अप्पा, न्हाय पडलो!"

चन्नाप्पा जिवाच्या आकांतानं ओरडला. हलगीपुढं कुणाला ऐकू जाणार? तिनं हात हँडलच्या खालच्या दांडीवर घेतले, पाठ वाकवली. पुढं उतार होता. चन्नाप्पानं गर्दी अडवायला बांधलेली दोरी ओलांडली आणि दोन्ही हातांनी हँडलवर झडप घातली.

सायकल आडवी झाली. सौंदर्या डांबरावर फरफटत गेली. माणसं धावली, कुणीतरी चन्नाप्पाची कॉलर धरली. "ओ पावणं, खुळं झालाय का काय? सोन्यासारखी पोरगी पाडली की." मागून एकेक मुलगी आली, पिंपाला वळसा घालून खाली निघून गेली. सौंदर्या त्यांच्याकडं बघत राहिली.

"मी पुढं होतो की, अप्पा." तिला रडू आवरेना. "का पाडलंस?"

"चिमटा वाकवलाय मी," चन्नाप्पा म्हणाला. "तू पडू नये म्हणून."

सौंदर्यानं पुढच्या चाकाकडं पाहिलं. मग उताराकडं पाहिलं. तिचं रडणं थांबलं, पण बापाकडं काही तिनं बघितलं नाही. गुडघा नेहमीच्याच जागी फुटला होता आणि रक्त मोज्यापर्यंत आलं होतं.

चन्नाप्पा तिच्याजवळ खाली बसला. कॉलर अजून कुणाच्यातरी मुठीत होती. तशातच त्यानं मान वळवून जोतिबाच्या डोंगराकडं बघितलं, आणि पोर पडली म्हणून हात जोडले.