शेवटचा अंगारा

महापालिकेच्या रुग्णालयात, खिडकीजवळच्या खाटेवर निजलेल्या यजमानांच्या कपाळी मनोरमाबाईंनी डोळे मिटून पुडीतला शेवटचा अंगारा लावला. डोळे उघडले, तर मास्कआड भलताच माणूस!

“सिस्टर, आमचे हे कुठं हो?” त्यांनी नर्सचा हातच धरला.

“आहेत मावशी, व्हरांड्यात. याला धाप लागली, खाट शिल्लक नव्हती. काका आपणहून खाली उतरले.”

व्हरांड्यात सगळं ऐकून यजमान सतरंजीवरून हसले. “म्हणजे माझा अंगारा त्याला?”

त्या गोंधळल्या. गुरुवार धरले ते यांच्यासाठी. गुण त्या परक्याला आला तर? थोडा अंगारा परत घ्यायला त्या आत गेल्या. बोट कपाळाला लागताच तो पुटपुटला, “मावशी, उद्याही याल?”

बोट तिथंच थांबलं.

“नाव सांग बाबा,” त्या म्हणाल्या. “संकल्पात लागतं.”