संतापाची तयारी

रॉक बँडचा तो म्हातारा गिटारवाला एकाच गोष्टीसाठी जगभर गाजला होता. शेवटचं गाणं संपलं की त्याच्या डोक्यात सणक जायची आणि तो स्टेजवर गिटार आपटून तिचे दोन तुकडे करायचा. समीक्षक भारावून लिहायचे, "हा अख्ख्या पिढीचा उत्स्फूर्त संताप आहे!"

त्या उत्स्फूर्त संतापाची तयारी भर दुपारी चालायची. त्याचा मेहुणा सुतार होता. तो गिटारचा दांडा करवतीने निम्मा कापून ठेवायचा आणि वरून रंगाचा हात मारायचा.

निरोपाच्या कार्यक्रमाला मात्र मेहुण्याला भरून आलं. 'दाजींचा आज शेवटचा कार्यक्रम, आज तरी खोटं काही नको,' असं म्हणत त्याने कोणाला न सांगता चांगली धडधाकट गिटार स्टेजवर पाठवली.

गिटारवाल्याने ती आपटली. तिला ओरखडासुद्धा आला नाही. पुन्हा जोर लावून आपटली, तर स्टेजची फळी मोडली आणि त्याच्या खांद्यातून सणसणीत कळ गेली. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने गिटारला लाथ घातली, आणि ठणकणारा अंगठा धरून एका पायावर उड्या मारत तो विंगेकडे बघून ओरडला, "मेहुण्या, तू आज घरी ये फक्त! तंगडं मोडून हातात देतो!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यात नावाजलेल्या समीक्षकाने हळहळत लिहिलं:



"वय झालं. पूर्वीचा तो अस्सल संताप आता राहिला नाही, काल नुसता अभिनय होता."