वाडीची शाळा का बंद पडली

शुभदा मॅडमनी ‘त्यामुळे’ या एका शब्दाभोवती लाल गोल काढला आणि कागद अपेक्षासमोर सरकवला.

“माणसं कंपनीत कामाला लागली, बिरवाडीला राहायला गेली, त्यामुळे वाडीची शाळा बंद पडली. असं लिहिलंयस तू. आधी काय झालं आणि नंतर काय, याच्या तारखा आहेत?”

“सगळेच असं सांगतात, मॅडम.”

“सगळे सांगतात ते कारण नव्हे. शुक्रवारी शोधनिबंध द्यायचाय. हवं तर विषय बदल.”

अपेक्षानं विषय बदलला नाही. महाडहून ती तडक बिरवाडीला गेली. वाडीतली पाच घरं तिथं भाड्याच्या खोल्यांत राहत होती. पाचही दारांत तिनं एकच विचारलं, वाडी कधी सोडलीत?

“शाळा बंद झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी,” बयाबाई म्हणाली. “पोरांना धाडायचं कुठं गो? म्हणून खोली घेतली. कंपनीतलं काम नंतर मिळालं.”

बाकीच्यांनीही तेच सांगितलं. माणसं गेली म्हणून शाळा गेली नव्हती. शाळा गेली म्हणून माणसं गेली होती.

मग शाळा कशानं गेली?

बंद शाळेचं दप्तर पोलादपूरकडच्या एका मोठ्या शाळेत ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी अपेक्षानं तिथं बसून दाखल्यांची वही उतरवून काढली. पट सतरा मुलांचा. एका वर्षी एकच मूल बाहेरच्या शाळेत गेलं. पुढच्या वर्षी चार, त्याच्या पुढं सहा. उरलेल्या सहांवर शाळा टिकली नाही.

पहिला दाखला तिचा स्वतःचा होता. तिसरी पास. वर्ष लिहिलेलं होतं, तारीख नव्हती.

‘काही पालकांनी मुलं बाहेर घातली’ एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. उतरवलेली नोंद घेऊन ती वाडीवर गेली.

महिपती, तिचा बाप, माळावर गवताचे भारे बांधत होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली नाही.

“म्हंजे वाडीची शाळा मी बंद पाडली.”

“सुरुवात आपल्यापासून झाली, बाबा.”

“तुला मावशीकडं महाडला ठेवली, शिकवली, ती चूक झाली?”

“चूक नाय लिहीत मी. कारण लिहितेय.”

“लोकं दोन्ही एकच समजतात गो.”

अपेक्षानं पेन काढलं. “मला दाखल्याची तारीख हवी हाय,” ती म्हणाली.

महिपतीनं भाऱ्यावर गुडघा रोवला, दोर आवळला, गाठ मारली. मग तो भाऱ्यावरच बसला.

“दोन मे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी,” तो म्हणाला. “सकाळी गेलो. मास्तर म्हणाले, महिपती, एक मूल गेलं की मागची थांबत नाहीत. मी म्हटलं, दाखला द्या.”

अपेक्षाचं पेन थांबलं.

“लिही,” तो म्हणाला. “मास्तर काय म्हणाले, ते पण लिही.”