मनगटाला मनगट

मालाकाई गॅरेजच्या दारातून वाकून आत शिरला. आधी त्यानं म्हाताऱ्याचा हात उचलून कपाळाला टेकवला आणि मगच बूट काढले. तो टोंगन घरातला, म्हातारा फिलिपिनो. पण स्टॉकटनच्या या गल्लीत थोरांचा हात सगळीच पोरं अशी कपाळाला लावत, आणि म्हाताऱ्याला सगळीच लोलो म्हणत, आजोबा म्हणावं तसं.

"देव भलं करो," लोलो सेन्यो म्हणाले. "चल म्हशीच्या बाळा, हात पुढे कर."

दोघं समोरासमोर उभे राहिले, मनगटाला मनगट लावून. लोलोंनी जन्मभर काठी शिकवली. हा पोरगा मात्र काठीसाठी आला नव्हता. त्याला अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात चेंडू फेकणाऱ्यापर्यंत पोचायचं असे, आणि वाटेत कपाटाएवढा एक गडी त्याची छाती धरायला हात पसरून उभा असे. ते हात अंगाला भिडायच्या आत झटकायचे, त्याच्या काखेखालून निसटायचं, पुढं व्हायचं. बघून झटकायला गेलं की उशीर होतो, म्हणून लोलो डोळे मिटायला लावत. समोरच्याचं मनगट आता काय करणार ते कातडीला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

आज पोराच्या कातडीला सगळं कळत होतं. लोलोंनी डावा हात रेटला, तो बाजूला वाहून गेला. उजवा आला, तो खाली दाबला गेला. जातं फिरावं तसे चार हात एका लयीत फिरत राहिले. मिटल्या डोळ्यांआड लोलो हसले. इतका मऊ हात या पोराला कधीच आला नव्हता.

"जा, पाणी पिऊन ये," ते म्हणाले.

मालाकाई मागच्या नळावर गेला. ओला हात तोंडावरून फिरवत परत आला, दारात वाकला, लोलोंचा हात उचलला आणि कपाळाला टेकवला.

"उशीर झाला, लोलो. मैदानावरून थेट आलो."

थट्टा करतोय, असं लोलोंना वाटलं. ते हसणारच होते. तेवढ्यात पोर खाली बसलं आणि पायात नसलेल्या बुटांच्या नाड्या शोधायला लागलं.

लोलोंचा हात तसाच हवेत राहिला.

त्यांनी त्याला खोक्यावर बसवलं आणि दुपारच्या सरावात काय झालं ते हळूहळू विचारून पाहिलं. फारसं काही निघालंच नाही. एक शिट्टी त्याला आठवत होती, आणि गवत फार जवळून दिसलं होतं. डोकं जरा जड आहे, म्हणाला, ऊन लागलं असेल. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? दोनदा झालंय, आता डोक्याला आणखी एक मार बसला तर हेल्मेट कायमचं खुंटीला, असं डॉक्टरांनी उन्हाळ्यात त्याच्या आईसमोर बजावलं होतं. ते लोलोंनाही ठाऊक होतं.

त्यांनी खिशातून फोन काढला. तो बघताच पोराची नजर एकदम ताळ्यावर आली.

"आईला नको, लोलो."

लोलो बोटानं नाव शोधत राहिले.

"शुक्रवारी विद्यापीठाच्या संघाचा माणूस येतोय. मला बघायला, फक्त मला." त्याचा आवाज चिरकला. "तेवढी एक मॅच. मग तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे येतो."

लोलोंना नाव सापडलं, आणि त्याच क्षणी मनगटाला नुसता वारा लागल्यासारखं झालं. फोन उडून सरावाच्या गादीवर पडला होता. पोराचा खांदा हलला नव्हता, डोळ्याची पापणी हलली नव्हती. शिकवलं होतं अगदी तस्सं.

"छान," लोलोंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

मालाकाईनं दोन्ही हात काखेत दाबून धरले. लोलो गुडघ्यावर भार देत वाकले आणि त्यांनी फोन उचलला.

"सख्खे आजोबा असता तर असं केलं नसतं तुम्ही," तो म्हणाला.

लोलोंनी फोन लावला. त्याची आई वृद्धाश्रमात कामावर होती. पहिल्या वाक्यातच तिला कळलं. अशीच निघते, म्हणाली, थेट दवाखान्यात नेते, तोवर त्याला एकटं सोडू नका. बोलताना ती रडत होती की धावत होती ते लोलोंना समजेना.

पोर भिंतीकडे तोंड करून रडलं. एवढं आडदांड अंग, पण रडणं लहान लेकराचं, आवाज गिळत गिळत केलेलं. लोलो शेजारी बसले. पाठीवरून हात फिरवावा असं त्यांना फार वाटलं, पण तो हात आत्ता त्याला नको असणार. शेजारच्या अंगणात कोणीतरी मासे तळत होतं.

मग रडणं थांबलं. मालाकाईनं गाल पुसले आणि तळवा ओला कशानं झाला ते न कळल्यासारखा बघत राहिला. त्यानं गॅरेजभर नजर फिरवली. ती लोलोंवर येऊन थांबली, तसा त्याचा चेहरा उजळला.

"लोलो, तुम्हाला सांगायचंच राहिलं बघा. शुक्रवारी विद्यापीठाच्या संघाचा माणूस येतोय. मला बघायला."

कोपऱ्यावर गाडी वळल्याचा आवाज आला.

"हो का?" लोलो म्हणाले. "सांग की मग."