शाळेमागचा वाळा

"सरुबाई, हे रान आधी कापा. अकराला तपासणीच्या मॅडम येतायत, आणि शाळेची ही दशा!" हेडमास्तर रामभाऊंनी विळा पुढं केला.

रान म्हणजे शाळेमागचा वाळा, सुवासिक मुळांचं उंच गवत. शिपाई सरुबाईनं चार वर्षांपूर्वी माहेराहून, नीरेच्या काठावरनं, ठोंब आणून ओळीनं लावले होते. कऱ्हाटीकडचा हा सगळा कोरडा माळ. पहिल्या वर्षी पोरींनी त्यावर डबे विसळले, पुढं त्यानं कुणाकडं पाणी मागितलं नाही. आता तो पुरुषभर उंच झाला होता. मोठ्या पोरी त्याच्याच आडोशाला जात, कारण शाळेत दुसरी सोयच नव्हती. हा वाळा गेला की आठवीच्या नऊ पोरी उद्यापासून घरी बसणार, हे सरुबाईला लख्ख ठाऊक होतं.

पण पुरुषमाणसाला हे सांगायचं कसं? त्यातून हेडमास्तरांना! माणूस लाखाचा, पण या बाबतीत अगदीच भोळा सांब. चार वर्षांत त्यांच्या डोक्यात काही आलं नव्हतं.

"माती धरून ऱ्हातंय सर त्ये. तुरं बी किती झ्याक आल्यात, बगा की."

"तुरे राहू द्या. साप निघेल त्यातनं."

सरुबाईनं वाळ्यापुढं फतकल मारली. "न्हाय कापत, जावा. नोकरी गेली तरी चालंल."

तेवढ्यात जीप आलीच, चांगली तासभर आधी. मेघना मॅडम पहाटेच पुण्याहून निघाल्या होत्या. हारतुरे हातात घेता घेता त्यांची नजर आवारभर काहीतरी शोधत फिरली. बाईची अडचण बाईला कळायला कितीसा वेळ लागतो?

"या मॅडम, बाग दावते," म्हणत सरुबाई त्यांना वाळ्यामागं घेऊन गेली.

मॅडम परत आल्या त्या मोकळ्या चेहऱ्यानं. पायाखालच्या मळलेल्या वाटेकडं बघत त्यांनी विचारलं, "मुली इथंच येतात?"

"व्हय. कापू नका म्हना तेवडं, लई उपकार हुतील."

"उपकार तुमचे, मावशी." मॅडमचे डोळे भरून आले. "पक्की सोय होईपर्यंत याला कुणी हात लावणार नाही. आमच्या गावच्या, डाळजच्या शाळेत एवढा आडोसा असता ना, तर आज तपासणीला मी नसते आले. माझ्याहून हुशार माझी थोरली बहीण आली असती."