भिकाजीतात्यांचं गाऱ्हाणं

गावावर कसलंही संकट येवो, देवळात नारळ धरून गाऱ्हाणं घालायचं ते भिकाजीतात्यांनीच. ‘तात्यांका भय ठावकच नाय,’ असं सगळे म्हणत. म्हणून छातीतली धडधड त्यांनी बायकोपासूनही लपवली होती. डॉक्टर म्हणाले होते, ‘हृदय ठणठणीत आहे. मनातली भीती कुणाजवळ तरी बोला.’ आज होड्या पाण्यात जाणार होत्या. ‘बा देवा म्हाराजा, पोरांका दर्यार सांभाळ,’ तात्या म्हणाले. ‘व्हय म्हाराजा,’ गाव गरजलं. पुढचे शब्द सुचेनात. ‘तात्यानू, दम लागलो काय?’ कुणीतरी हसलं. तात्यांनी डोळे मिटले. ‘आणि म्हाराजा, ह्या भिकाजीक रोज भय वाटता. तेका वाट दाखव.’ माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग बायकोचा आवाज आला, ‘व्हय म्हाराजा.’ पाठोपाठ गावही म्हणालं, आजारी पोराच्या उशाशी बोलावं तसं, हळू.