निळ्या ओठांचा शिंपला

नळाला पाणी कधी येईल, हे मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

खुलताबादच्या वरच्या अंगाला सांडू आपल्या मेंढ्यांसोबत शेजारणीच्याही मेंढ्या चारत होता.

वाळूजला एका कंपनीच्या फाटकाशी एक स्कूटर रात्रभर तशीच उभी राहिली.

एका फ्रीजमध्ये, दुधाच्या पिशवीशेजारी, घराची किल्ली.

एक शिंपला. तोंड उघडं.

शिवशंकरनं टाकीत हात घालून शिंपल्याच्या निळ्या ओठाला बोट लावलं. एरवी नुसती सावली पडली तरी मिटायचा. आज मिटला नाही. त्यानं तो बाहेर काढून स्टीलच्या ताटलीत ठेवला आणि ताटली धरून उभा राहिला.

"गेला," तो म्हणाला.

हॉलमधल्या त्या काचेच्या टाकीत त्यानं समुद्र करून ठेवला होता. मीठ मोजून घातलेलं, वर सूर्यासारखा दिवा, खाली दगडांवर जिवंत प्रवाळ. खरा समुद्र त्याच्या आईनं, बानाबाईनं, अजून पाहिलेला नव्हता. ती गावाकडं एकटी राहायची, मेंढ्या राखायची. त्या शेजारच्या सांडूवर सोपवून थोड्या दिवसांसाठी म्हणून इथं आली होती.

"मासे तर हिंडतेत की," ती म्हणाली.

"मासे तगतात, माय. हा नाजूक."

"आमची मेंढी मेली तर कुणी येवढं उभं राहत नाय."

शिवशंकर वाळूजच्या कंपनीत क्वालिटीला होता. बिघडलेला पार्ट हाती आला की उलट्या पावली जायचं, ही तिथली रीत. आधी मशीन, मग माल. माणूस सगळ्यात शेवटी धरायचा.

"काल वीज गेली होती का?" त्यानं बायकोला विचारलं.

"नाही गेली." सत्यशीला शाळेतले पेपर तपासत होती.

दिवा चालू होता. पाणी गरम झालेलं नव्हतं. पंपावर मात्र पांढरी पूड बसली होती. त्यानं ती नखानं खरवडली.

"माय, टाकीत तुरटी फिरवलीस का? पिंपात फिरवतीस तशी?"

"मी काय येडी हाय? खारं पाणी त्ये. कोण पिणार?"

त्यानं नळीत पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले. रंग बदलायला नेहमीच्या दुप्पट थेंब लागले. म्हणजे क्षार वाढलेले. म्हणजे ती पांढरी बाटली. त्यातलं एक झाकण तो रोज सकाळी टाकीत घालायचा, प्रवाळाला आणि शिंपल्याला कवच धरायला. एकच झाकण. जास्त झालं की तेच औषध जाळतं.

बाटली त्यानं उजेडात धरली. पार तळाला गेली होती.

मशीन झालं. माल झाला.

"काल वीज गेली होती का गं?"

"नाही गेली," सत्यशीला म्हणाली. तिचं लाल पेन थांबलं होतं.

शिवशंकर आईसमोर खाली बसला. ती मेथी निवडत होती.

"माय, खरं सांग. रागवत नाय. या बाटलीतलं तू घातलंस?"

बानाबाईनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं पेपर उलटा केला.

"घातलं आसंल," बानाबाई म्हणाली. "तू कामावर गेला का घालते, तेवढाच हातभार. मंग आठवंना, घातलं का नाय. म्हून परत घातलं."

"असं कधीपासून होतंय?"

"लई दिस झाले."

"फ्रीजमधली किल्ली?"

"ती बी मीच."

शिवशंकरनं डोळे मिटले. त्याच्या बापाचं, मुंजाबाचं, असंच सुरू झालं होतं. ज्या वाटेनं जन्मभर मेंढ्या नेल्या, त्याच वाटेवर उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःचं घर विचारायचा. पन्नाशीसुद्धा उलटली नव्हती. शेवटी बानाबाई त्याच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधायची.

आता आई.

"तिथं एकटी नाही राहू शकत तू," तो म्हणाला. "मेंढ्या विकाव्या लागतील."

हे तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. दर वेळी तिनं त्याला उभा-आडवा झोडपला होता. शहरात आणून मला बी काचंत ठिवशील, म्हणायची.

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"ईक," ती म्हणाली.

सत्यशीला उठून आत गेली. बराच वेळ नळाशी उभी राहिली, नळाला पाणी नसताना.

"डाक्टरकडं जाऊ," बानाबाई म्हणाली. "पर तू संगं पायजे. तुझ्याबिगर मी आत पाऊल टाकायची नाय."

"येतो की."

"सुट्टी टाक."

"टाकतो."

"आत्ता टाक. माझ्यादेखत."

त्यानं तिच्यादेखत फोन केला.

डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत तिघं ओळीनं बसले. शिवशंकर मध्ये. आईचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला होता.

"भ्यायचं नाही, माय. चार सोपे प्रश्न विचारतील. आज वार कोणता, असले."

"बरं."

"सांग बरं, आज वार कोणता?"

"तूच सांग," बानाबाई म्हणाली.

तो हसला. मग खिशातून मोबाईल काढून पाहिला.

"मंगळवार."

बानाबाईनं आपला हात सोडवला आणि त्याचं मनगट घट्ट धरलं. आतून कंपाउंडर बाहेर आला.

सत्यशीलानं इथं नंबर लावला होता तो शिंपला मरायच्या आदल्या आठवड्यात, शिवशंकरच्या नावानं.